औरंगाबादचं पाणी

रंगनाथअण्णा वर्षातून एकदा औरंगाबादला रागवायला जायचे.

दुसरं कसलंही काम नसायचं. नाताळच्या सुट्टीतला एक दिवस धरून ते वडीगोद्रीच्या स्टँडवर बीडकडून येणारी सकाळची एसटी पकडायचे, दिवसभर त्या शहरात हिंडून मनसोक्त संतापायचे आणि दिवेलागणीला घरी परत यायचे. तो राग मग त्यांना होळीपर्यंत पुरायचा. पारावर, हॉटेलात, न्हाव्याकडे, जिथे बसतील तिथे औरंगाबादची चामडी लोळवली जायची.

हातात पितळेचा फिरकीचा तांब्या असायचा, घरच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला. औरंगाबादचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते पाणी त्यांनी कधी पिऊन पाहिलं होतं का? "बिलकुल न्हाई," ते अभिमानाने सांगायचे. "प्यायला पाहिजे कामून? दिसतंय की."

शिवाय दरवर्षी एक साक्षीदार लागायचा. एकट्याने पाहिलं तर लोक म्हणतील, म्हातारा मनाचं सांगून राह्यला. एका वर्षी त्यांनी पुतण्याला नेलं, तर तो दुपारीच सिनेमाला पळाला. एकदा पोस्टमास्तरांना नेलं, तर त्यांना औरंगाबाद आवडलं. त्यांच्याशी अण्णा पुढे उन्हाळाभर बोलले नाहीत.

त्या वर्षी माझी पाळी आली.

माझे वडील वडीगोद्रीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते आणि अण्णांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. मी हैदराबादला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत आणि मग कॉलेजात शिकले. सुट्टीत घरी यायची तेव्हा खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची. कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच बोलायची. अण्णा मला कान्व्हेंट म्हणायचे.

"डॉक्टरसाहेब, तुमची कान्व्हेंट द्या एक दिवस," ते वडिलांना म्हणाले. "पोरगी बराबर साक्षीदार हाये. डोळे उघडे, तोंड बंद. शिवाय तिथं पाट्या इंग्रजीत लावून राह्यलेत. त्याच्यात काय काय खोटं लिव्हलंय, तेबी कळंल."

मला विचारलंच नाही कुणी. पण मला मकबरा पाहायचा होता. मैत्रिणींना आग्र्याचा ताजमहाल पाहायला मिळाला होता, मला निदान हा तरी. म्हणून मी नाही म्हणाले नाही.

आदल्या संध्याकाळी अण्णांच्या बायकोने, कावेरीकाकूंनी, मला मागच्या दाराने बोलावलं. त्या प्रवासासाठी धपाटे थापत होत्या.

"त्यांचं औरंगाबाद म्हंजे काय, म्हाईत हाये का तुला?" त्या हळूच म्हणाल्या. "आमची शकू तिथं दिलीय. गुलमंडीच्या मागं राहते. दिवसभर ह्याच्यावर त्याच्यावर वरडतेत अन् शेवटी तिच्या दारात जाऊन बसतेत."

"दारात?"

"दारात. पायरीवर. लेकीला लेकरू होत न्हाई तवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं बापानं. आमच्यात रीत हाये तशी. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली बघ तिच्या." त्यांनी धपाटं उलटलं. "पोरीचं एकच म्हणणं हाये. अण्णांनी आत यावं, घोटभर चहा घ्यावा. दर साली रडती. तू शिकलेली हायेस, तू सांग त्यांना."

मी? मी बसच्या कंडक्टरला स्वतःचं तिकीट मागू शकत नव्हते.

"आणि तुम्ही, काकू? तुम्हीपण नाही पीत?"

काकूंनी बाहेर पाहिलं. अण्णा गोठ्यात होते. "मी दिवाळीआधी गेल्ते तर दोन दिवस राहिले. पोटभर जेवले," त्या कुजबुजल्या. "त्यांना सांगू नको."

मला त्या रीतीचाच राग आला असता, पण अण्णांचा जास्त आला. कारण हा माणूस रीतीभाती मानणाऱ्यांतला नव्हताच. मुहूर्त पाहून पेरणाऱ्यांना ते भर पारावर हसायचे. अंगात येणाऱ्या एका बाईला त्यांनी एकदा "जरा कापसाचा भाव सांग" म्हणून गप्प केलं होतं. असा माणूस नेमकी एकच रीत धरून बसला होता, आणि ती लेकीच्या गळ्याशी.

सकाळी एसटी वेळेवर आली. अण्णा तिथूनच सुरू झाले.

"ह्याला काय अर्थ हाये?" हे त्यांचं पालुपद. "रोज उशिरा येती म्हणून माणूस उशिरा येतो. आज ही वेळेवर! मागं राहिला त्यानं काय करायचं?"

पाचोड गेलं, आडूळ गेलं. थंडी अशी होती की खिडकीची पत्र्याची चौकट हाताला चावत होती. अण्णांच्या मांडीवर तांब्या, पायाशी पिशवी. पिशवीत तुरीच्या शेंगा, बोरं, वांगी आणि फडक्यात बांधलेला हुरडा. हे कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

औरंगाबादेत उतरल्यावर पहिला बळी शहराचा दरवाजा ठरला. एवढा थोरला दगडी दरवाजा, खालून टांगे आणि सायकली चाललेल्या. अण्णा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कान्व्हेंट, बघ. दरवाजा हाये. भिंत कुठं हाये?"

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. भिंत नव्हती.

"मंग बंद काय करता? आत काय, बाहेर काय? आमच्या गोठ्यालाबी हेच्यापेक्षा अक्कल हाये. ह्याला काय अर्थ हाये? बघितलंस ना? बस."

एक टांगेवाला थांबला होता. "चाचा, बैठना है क्या?"

"दरवाज्याला भिंत न्हाई तुमच्या," अण्णा त्याला म्हणाले.

"अच्छा?" टांगेवाल्याने मान वर करून पाहिलं. "सुबह तक तो थी." आणि घोड्याला चुचकारून तो निघून गेला. मला हसू आलं. साक्षीदाराला ते शोभत नसल्यामुळे मी रुमाल तोंडाला लावला.

पुढे एका चर्चच्या दारात कागदी चांदण्या टांगल्या होत्या. अण्णा पुन्हा थबकले. "दिवाळी होऊन किती दिवस झाले? ह्यांचे आकाशकंदील अजून उतरून न्हाई राह्यले! आळशी लोक. बिलकुल आळशी."

नऊ वर्षं मी शाळेत तसल्याच चांदण्यांखाली नाताळची गाणी म्हटली होती. सांगावंसं फार वाटलं, पण वाक्य जुळेपर्यंत अण्णा पाणचक्कीला पोहोचले होते आणि एवढ्या पाण्यात पीठ का निघत नाही, म्हणून तिथल्या रखवालदाराला जाब विचारत होते.

आणि मकबरा! ज्याच्यासाठी मी आले होते तो मकबरा त्यांनी मला रस्त्यावरून दाखवला. झाडांच्या वरून पांढरा घुमट आणि मिनारांची टोकं दिसत होती.

"हे बघ. झालं."

"आत...?" मी म्हणाले.

"आत जाऊन काय निराळा दिसतोय? उलट जवळून दिसतच न्हाई, मान दुखती. आत जायला खर्चा, चपला काढा, त्या कुणी नेल्या तर आणखी खर्चा. चल जल्दी."

ते पुढे चालू लागले. मी त्या घुमटाकडे वळून वळून पाहत मागे निघाले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. बाहेर काढता न येणारा राग फार त्रास देतो. त्याने कान तापतात. थंडीतही माझे कान तापले होते.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शिरलो तशी अण्णांची चाल बदलली. त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. शकूताई दारातच उभी होती. पायरीवर एक सतरंजी आधीच चौपदरी घालून ठेवली होती. ती पाहून माझे कान आणखी तापले. बाप आत येणार नाही, हे धरून लेकीने केलेली ती तयारी होती.

"आले का अण्णा? बस मिळाली का बराबर?"

"बस वेळेवर आल्ती," अण्णांनी तक्रार केली आणि सतरंजीवर बसले. पिशवी तिच्याकडे सरकवली. "तुझ्या मायनं दिलंय."

जावई बाहेर येऊन पाया पडले आणि मग हात कुठे ठेवावेत ते न कळून पोहे आणायच्या निमित्ताने दुकानात गेले. शकूताईने मला हाताला धरून आत नेलं. दोन खोल्या, नीटनेटक्या. स्टोव्हवर चहा उकळत होता. तिने तीन कप भरले. एक मला दिला. एक स्वतः बाहेर नेऊन अण्णांशेजारी पायरीवर ठेवला आणि परत आली.

"ते पीत नाहीत ना?" मी विचारलं.

"न्हाई पीत. मी दर साली ठेवते. गार झाला की मोरीत ओतून देते." ती हसली. "ठेवला न्हाई तर मलाच करमत न्हाई."

मी माझा कप घेऊन दाराशी गेले. अण्णा तांब्याची फिरकी उघडून घरचं पाणी पीत होते. शेजारी चहावर साय धरत होती. समोरच्या घरातली बाई वाळवणाच्या आडून पाहत होती. तिलाही हा दरसालचा देखावा पाठ असावा. दरवाज्याला भिंत नाही म्हणून अख्ख्या शहराला नावं ठेवणारा हा माणूस स्वतः उघड्या दारात भिंत बांधून बसला होता.

"अण्णा, तो चहा गार होतोय," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याच्यापेक्षा मोठा निघाला, आणि मग आवरलाच नाही. "दिवसभर तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत. आता मी विचारते. ह्याला काय अर्थ आहे?"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडतील म्हणून मी चौकट धरून ठेवली.

"मला काय ते खरं वाटतं व्हय?" ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "पाण्यानं काय होतंय. पण कान्व्हेंट, मी जर आज घोट घेतला, तर हिला काय वाटंल? हिच्या सासूनं आशा सोडली. भावकीनं सोडली. हिच्या मायनं तर तोंडानं बोलायचंच सोडलं. आता बापबी आत येऊन चहा प्याला, म्हंजे मंग संपलंच. एक मी थांबलोय. थांबू दे."

शकूताई माझ्या मागे येऊन उभी होती. ती माझ्या बाजूने बाहेर आली आणि पायरीवर, सतरंजी नसलेल्या जागी बसली.

"अण्णा, आम्ही दोघांनी सोडली. मागच्या उन्हाळ्यातच. डॉक्टर झाले, रडणं झालं, भांडणं झाली. आता निवांत हाओत आम्ही. संध्याकाळी फिरायला जातो. तुम्हीच एकटे थांबून राह्यले." तिने सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. "घरात मला काई कमी दिसत न्हाई अण्णा. तुम्ही इथं बाहेर बसले, की दिसतं."

"ह्याला काय..." अण्णा म्हणाले. ते गल्लीकडे पाहत राहिले. टोपी काढली, झटकली, मांडीवर ठेवली.

मग त्यांनी तांब्या उचलला. दाराशी पत्र्याच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप होतं. त्याच्यात त्यांनी ते विहिरीचं पाणी ओतलं, सावकाश, मातीने नीट प्यावं अशा बेताने. उठले. चपला काढल्या. उंबऱ्याशी जरा अडखळले आणि आत जाऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू कुणी उठवेल. शकूताईने गार झालेला कप मोरीकडे न्यायला उचलला, तर त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि सायीसकट एका दमात प्याले.

"साखर जास्त पडलीय," ते म्हणाले.

"हौ, अण्णा."

"दुसरा कर. अन् हे भर." त्यांनी रिकामा तांब्या पुढे केला.

जावई पोहे घेऊन आले, ते दारातच थिजले. सासरे आत बसलेले पाहून त्यांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे. खरं काय ते कळल्यावर ते पुन्हा दुकानात गेले आणि या वेळी पेढे घेऊन आले. अण्णांनी त्या पेढ्यांनाही नावं ठेवली आणि तीन खाल्ले.

परतीच्या एसटीत ऊन उतरत होतं. आडूळ येईपर्यंत अण्णा मांडीवरच्या तांब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फिरकी उघडली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि भुवया चढवल्या.

"खारं हाये. मी म्हणत न्हवतो? पी, तू साक्षीदार हायेस."

मी प्याले. पाण्यासारखं पाणी होतं. मी होकारार्थी मान हलवली आणि दुसरा घोट घेणार, तेवढ्यात त्यांनी तांब्या काढून घेतला.

"बस. थोडं राहू दे काकूला तुझ्या." त्यांनी फिरकी घट्ट लावली आणि खड्ड्यात हिंदकळू नये म्हणून तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "पोर कसलं पाणी पिऊन राह्यली इतकी वर्षं, काकूला बिचारीला काय म्हाईत."

काकूंना किती माहीत होतं, ते मला माहीत होतं. पण साक्षीदाराला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत राहिले.