गुरुवारचं कुलूप

"ओल्या. माझ्या चादरी तू ओल्याच बाहेर काढल्यास, सिक्स्टन."

"आठ वाजून गेले, गुन्वोर. आठनंतर मशीन माझं."

"आणि टेबलावर टाकल्यास. लोकांच्या वाइनच्या ग्लासांशेजारी."

"मग कुठे टाकू, डोक्यावर घेऊ?"

हेच भांडण तळघरात झालं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. इमारतीचं सगळ्यांचं मिळून एक धुणंघर आणि त्यात भांडण, स्वीडनमध्ये यात बघण्यासारखं काय आहे? पण हे चाललं होतं योतेबोरी शहरातल्या एका कलादालनात, नव्या प्रदर्शनाच्या पहिल्याच संध्याकाळी, आणि भोवती साठेक माणसं ग्लास धरून उभी होती. त्यांना वाटत होतं की हाच कार्यक्रम. एक बाई सिक्स्टनच्या पायांकडे बघून शेजारच्याला हळूच म्हणाली की वेशभूषा काय अचूक केलीय. सिक्स्टन घरातनं निघाला तसाच रस्ता ओलांडून आला होता, मोज्यांवर सपाता घालून. मोज्याला भोक होतं तेही त्याचं स्वतःचंच.

आता ट्राम येईपर्यंत हे झालं कसं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दोघंही येडे. येडे नव्हते. दोघंही बरोबर होते, घोळ तिथेच झाला.

त्यांची इमारत कलादालनाच्या समोरच. खाली दगड, वर लाकूड, मायोर्ना भागात सगळ्या तशाच. तिथले नळ बदलायचं काम निघालं म्हणून तळघरातलं धुणंघर उखडलं. नेमकी तेव्हाच तूवा रीडेल नावाची चित्रकार इमारतीच्या कमिटीकडे आली आणि जुनी मशीनं मागितली. तिचं म्हणणं असं की या देशात माणूस शेजाऱ्याला टाळायला दाराआड उभा राहतो, जिना रिकामा झाला की मगच बाहेर पडतो. शेजारी एकमेकांना भेटतात ते फक्त धुणंघरात, आणि तिथे भांडतात. म्हणजे समाज बघायचा तर धुणंघर बघा. कमिटीला यातलं काही कळलं नाही, पण भंगार फुकटात जातंय म्हटल्यावर सगळे एकदम कलाप्रेमी झाले. दोन मशीनं गेली, कपडे वाळवायचं कपाट गेलं, टेबल गेलं आणि भिंतीवरची वेळांची पाटीसुद्धा गेली.

ती पाटी म्हणजे खरी मालकीण. प्रत्येक वाराला, प्रत्येक वेळेला एक भोक. ज्याला जी वेळ हवी त्याने त्यात आपलं छोटं कुलूप अडकवायचं, की ती वेळ त्याची. पाटी जाणार म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापली कुलपं काढून घेतली. दोघांनी काढली नाहीत. गुरुवार पाच ते आठ, गुन्वोर हालिन. गुरुवार आठ ते अकरा, सिक्स्टन ब्रेनलुंड. आधी कुणी काढायचं यावर दोघंही अडून बसले आणि कुलपं पाटीबरोबर रस्ता ओलांडून गेली.

सिक्स्टनचा त्या पाच ते आठवर अकरा वर्षं डोळा होता. आधी धुणं आटपलं तर रात्रीच गाडी काढून समुद्राकाठच्या झोपडीवर जाता येईल, एवढंच. आणि गुन्वोरचं म्हणाल तर तिचा नवरा एव्हर्ट गेल्यापासून तिच्या आठवड्यात तेवढी एकच वेळ भरलेली होती.  तीस वर्षं दोघं गुरुवारी पाचला खाली उतरायचे. सोमवार-मंगळवार तिला एकसारखेच वाटायचे, गुरुवार आला की कळायचं आपण कुठे आहोत. तो गुरुवार हातचा गेला असता तर तिला दुसरं धरायला काही नव्हतं. ती हे कुणाला बोलली नव्हती. न बोलता सगळ्या जिन्याला माहीत होतं.

तर उद्घाटनाचा दिवस नेमका गुरुवार, आणि बरोबर पाचला गुन्वोर धुण्याची पिशवी घेऊन कलादालनाच्या दारात. दारावर बसलेली डेलाल नावाची मुलगी म्हणाली की प्रदर्शन सहाला उघडतं. गुन्वोरने किल्ली दाखवली. डेलालने पाटीपाशी जाऊन बघितलं. कुलूप होतं, वेळ होती, किल्ली लागत होती. डेलाल याच शहरात वाढलेली पोरगी, लावलेल्या कुलपाला नाही म्हणायची तिची काय टाप. तूवाने पाणी-वीज आधीच जोडून घेतली होती, तिला धुण्याचा आवाज हवा होता. मशीन सुरू झालं.

आणि खरं सांगायचं तर ते धुणंघर कलादालनात उभं करताना खोली भारी केली होती तूवाने. भिंतीचा तो आजारी पिवळा रंग, सारखी भणभणणारी ट्यूब, पाइपावर वाळत पडलेला कुणाचातरी एकटा मोजा, साबणाचा आणि ओलीचा वास, सगळं. माणसं हसत आत येत होती आणि दोन मिनिटांत गप्प होत होती. एका म्हाताऱ्याने तर सवयीने आधी मशीनच्या दाराची कड पुसली. एका भिंतीवर शहरभरातनं गोळा केलेल्या धुणंघरातल्या चिठ्ठ्या काचेत लावल्या होत्या. "ज्याने माझा साबण वापरला त्याला त्याच्या आईने काही शिकवलं नाही असं दिसतं. स्नेहपूर्वक, तिसरा मजला." असल्या. त्यातल्या चौदा गुन्वोरच्या. लोक त्यांच्यापुढे उभे राहून म्हणत होते, काय धार आहे, एक शब्द जास्त नाही. ती मागे कॉफी घेऊन ऐकत उभी राहिली. तिच्या जेवणाचं एव्हर्टने कधी कौतुक केलं असेल नसेल, पण लिखाणाचं कुणी कधीच केलं नव्हतं. त्यात मध्येच कलादालनाच्या संचालिकेचं भाषण झालं आणि आवाज नको म्हणून मशीन अर्धा तास बंद ठेवलं. म्हणून आठ वाजले तरी चादरी आतच.

आठला सिक्स्टन आला. पुढचं तुम्ही ऐकलंत.

"अर्धा तास भाषणाने खाल्ला," गुन्वोर म्हणाली.

"मग भाषणाने वेगळं कुलूप लावायचं होतं."

गर्दीतनं कुणीतरी खुसकन हसलं. सिक्स्टनने तिकडे असं बघितलं की तो माणूस थेट चिठ्ठ्यांच्या भिंतीकडे निघून गेला. मग सिक्स्टन पाटीपाशी गेला. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता, वेळ उलटून कपडे आत राहिले तर पुढच्या माणसाला तक्रार करता येते आणि आधीच्याची वेळ काढून घेतली जाते. त्याने तिच्या कुलपावर बोट ठेवलं.

"घे," गुन्वोर म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "घेऊन टाक गुरुवार. मी कुठल्याही दिवशी धुवेन. एकटीला काय, सगळे वार सारखेच."

 मागे तूवा दोन्ही हात तोंडावर धरून उभी. तिने जे दोन वर्षं प्लास्टर आणि पाइपातनं दाखवायचा प्रयत्न केला होता ते पुढ्यात चाललं होतं आणि त्यात तिचं काहीच नव्हतं.

गुन्वोरने टेबलावरची चादर उचलली. जोडपलंगाची, पाणी प्यालेली, जड. वाळत घालायच्या आधी दोन्हीकडनं ओढून ताणावी लागते. तिने दोन कोपरे धरले आणि सवयीने हात पुढे केले. समोर कुणी नव्हतं. चादर जमिनीपर्यंत लोंबली. साठ माणसं बघत होती, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कृपया कलाकृतीला हात लावू नये. त्या लोकांनी लावला पण नसता. शिस्तीची माणसं.

सिक्स्टनने भिंतीवरची ती सूचना वाचली, गुन्वोरकडे बघितलं, बोट कुलपावरनं काढलं. येऊन खाली लोंबलेले दोन कोपरे उचलले. दोघं मागे सरकले. ओढलं. पुन्हा ओढलं. मग घडी घालायला एकमेकांकडे चालत आले, तिने त्याच्या हातातनं कोपरे घेतले, तो वाकून खालची घडी उचलायला गेला. अकरा वर्षांत इतक्या जवळ ते कधी आले नव्हते, जिन्यातही नाही.

"एव्हर्ट इतकंच ओढायचा का?" त्याने हळूच विचारलं.

"याच्यापेक्षा जोरात."

"बरं." आणि पुढची चादर त्याने अशी ओढली की तिचा तोल गेला, आणि ती हसली. मोठ्याने, एकदाच.

टाळ्या पडल्या. दोघांनाही राग आला. कुणाच्या धुण्याला टाळ्या वाजवतात का?

"टाळ्या काय वाजवताय?" गुन्वोर गर्दीवर खेकसली. "अजून पाच आहेत. हात रिकामे दिसतायत की तुमचे."

 मग संचालिकेने ग्लास खाली ठेवला. डेलाल आली. तूवा आली. मोज्यांचं कौतुक करणारी बाई आली आणि तिला जोडीला एक अनोळखी मिशाळ माणूस मिळाला, दोघं एकमेकांची नावं विचारत चादर ताणायला लागले. बाकीचे रांगेत. आणि सिक्स्टनची स्वतःची पिशवी दारापाशी तशीच बांधलेली, त्याच्या वेळेतला पाऊण तास निघून गेलेला, तरी हा बाबा लोकांना कोपरे कसे धरायचे ते शिकवत फिरत होता. पाटीवरचं पाच ते आठचं कुलूप जिथे होतं तिथेच. पुढच्या गुरुवारी तो भोकाचे मोजे बदलून पाचलाच गुन्वोरच्या चादरींचे दुसरे कोपरे धरायला...

ट्राम आली. मला निघायला पाहिजे.