मार्थाआक्काचं येशूशी भांडण

उदगीरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मार्थाआक्का येशूला झापते. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं.

आक्काची पिठाची गिरणी आहे. यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय असल्यामुळं तिची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर ऐकू जाते. तिचं पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी द्यायची पापांची कबुली, तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "रागावले, फादर. लई रागावले. अजून बी रागातच हाय." यावर बिचारे फादर काहीतरी हळू बोलतात आणि आक्का ओरडते, "त्याला सांगा की ते! मला कामून सांगून राहिले?"

तो म्हणजे पेटीतला येशू. आम्हा कॅथलिकांची श्रद्धा अशी, की मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरांनी ती गव्हाची पातळ चकती हाती घेऊन येशूचे शब्द उच्चारले, की ती चकती राहत नाही. तो स्वतः येशूच असतो. उरलेला हा प्रसाद वेदीमागच्या पेटीत ठेवतात आणि तो आत आहे याची खूण म्हणून शेजारी लाल दिवा जळत राहतो. हे आम्ही सगळेच मानतो. पण आम्ही मानतो ते रविवारी, तासभर. आक्का चोवीस तास मानते, हाच आमचा त्रास.

प्लॉटिंगचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाचा मोबाइल मिस्सेत वाजला. ते वाकून बोलू लागले. आक्का बाकावरून उठली. "आत साक्षात येशू बसलाय अन् तुमी गुंठ्याचा भाव सांगून राहिले? कलेक्टरापुढं असं बोलताल का?" गृहस्थ पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

तिचा दीर प्रोटेस्टंट. तो एकदा समजुतीनं म्हणाला, "वैनी, आमच्यात भाकर आठवणीसाठी असते."

"आठवण मेलेल्याची काढतेत," आक्का कडाडली. "आमचा जिता हाय. जिता हाय म्हणून तर भांडते!"

गंमत अशी, की एवढं मानणारी आक्का प्रसाद मात्र घेत नसे. रांग लागली की ती पहिल्या बाकावर हात काखेत दाबून बसायची. मी चर्चमध्ये वाचन करतो, त्यामुळं तिचा चेहरा मला समोरच दिसायचा. एकदा गिरणीवर दळण घेताना मी विचारलं. तिनं यंत्र बंद केलं.

"माझी रिबेका तापानं फणफणली होती, सर. मी पेटीम्होरं बसून मांगितलं. पोरगी गेली. त्याला ऐकू आलं न्हाई असं म्हनू नका, तो बहिरा न्हाई. ऐकून गप बसला. मंग त्याच्या ताटातलं मी कामून खाऊ?"

आणि तिनं पट्टा सुरू केला.

यंदा उन्हाळ्यात फादरांनी जाहीर केलं, की जिथं फादर मुक्कामाला नसतात तिथं आता प्रसाद ठेवायचा नाही. आमचे फादर लातूरहून येतात, रविवारपुरते. शिवाय चर्चचं कुलूप मध्यंतरी कुणीतरी तोडायला बघितलं होतं. तेव्हा पुढच्या रविवारी पेटी रिकामी होणार.

"त्याला काढून देनार?" आक्का उभी राहिली.

"आक्का, येशू सगळीकडं असतो," फादर म्हणाले. तरुण आहेत, चुकलेच.

"सगळीकडं असतो तर हे घर कामून बांधलं? मी भांडू कुणासंगट? भिताडासंगट?"

मला तेव्हा फादरांचा नाही, आमचाच राग आला. हरकत घेणारी एकटी आक्का होती.

पुढच्या रविवारी रांग संपली. फादरांनी पेटीतलं भांडं आणलं. तळाशी थोडा प्रसाद उरला होता, तो ते स्वतःच घेणार होते.

"थांबा!"

आक्का उठली. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि वेदीपुढं आली.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

आक्का "आमेन" म्हणाली. इतक्या हळू, की मला तिचे ओठच दिसले. फादरांनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला, उरलेला स्वतः घेतला आणि लाल दिवा विझवला.

तिला घरी सोडायला मी बरोबर गेलो. वाटेत दोघांनी हाका मारल्या, गिरणी कधी उघडणार म्हणून. तिनं मान वळवली नाही. चालत होती ती काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी.

घरात शिरून ती सरळ भिंतीपाशी गेली. तिथं रिबेकाचा फोटो आहे, शाळेच्या युनिफॉर्ममधला. आक्कानं छातीवर हात ठेवला. मी दाराबाहेरच थांबलो. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"ही बघ," ती म्हणाली. "वळखतूस का हिला? न्हाई, मान खाली घालू नको. बघ हिच्याकडं. मंग बस हितं. मला लई बोलायचंय."