मागून आलेली हाक

आजी जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी ग्वो ली-चू मावशींच्या कानात तिचा आवाज अजून घुमे. कालवं सोलता सोलता ती म्हणायची,

"सातव्या गं महिन्यात दार खालचं उघड,
मागून आली हाक बाई, कान कर दगड."

सातव्या चांद्र महिन्यात 'भाऊ' वर येतात. त्यांना भुतं म्हणायचं नसतं. ते मागून नावानं हाक मारतात. ओ दिली की माणूस गेला त्यांच्यासोबत.

म्हणून थायनान शहरातल्या कोर्टात शिपायानं पाठीमागच्या दारातून मावशींचं नाव तीनदा पुकारलं, तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर ढिम्म बसून राहिल्या. पुढची तारीखही त्याच महिन्यात पडली. त्या पुन्हा आल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा दगड झाल्या. कागदावर दोन्ही वेळा 'साक्षीदार गैरहजर' अशी नोंद पडली.

आत आरोपी होता हुंग थ्येन-फू, छत्र्या दुरुस्त करणारा विधुर. गेल्या हिवाळ्यात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान देवळातली पितळी घंटा चोरीला गेली, आणि आळ आला त्याच्यावर. तेव्हा कुठे होतास, या प्रश्नाला तो तोंड उघडेना. फळवाल्या आ-ख्वेईनं त्याला मावशींच्या बोळात वळताना पाहिलं होतं, म्हणून हुंगच्या वकिलानं मावशींना साक्षीला बोलावलं. त्या बोलल्या तर हुंग घरी, नाहीतर तुरुंगात.

न्यायाधीश बाईंनी वकिलाला समजावलं. समन्स हातात पडलंय, सही आहे, कारण कळवलेलं नाही. नुसता दंड करून भागलं असतं, पण इथे एका माणसाची सुटका टांगलेली आहे. तेव्हा पकड वॉरंट. शिक्षा म्हणून नव्हे, साक्षीदार समोर यावा म्हणून. त्यांनी सही ठोकली.

हवालदार यांग वॉरंट घेऊन बाजारात आला, तेव्हा मावशी गाडीवर कालवांचं धिरडं उलटत होत्या. त्यानं मागून पूर्ण नावानं हाक मारली. मावशींनी धिरडं पुन्हा उलटलं. आ-ख्वेई गालात हसला. मनगटाला आईनं बांधलेला लाल दोरा चाचपत यांग वळसा घालून समोर आला.

"मावशी, पुढून विचारलेलं चालतं ना?"

"पुढून चालतं. नाव तेवढं घेऊ नकोस."

"मग हे वॉरंट कुणाचं म्हणू?"

"ज्याचं असेल त्याचं."

शेवटी यांगनं कागदावरच्या नावाखाली बोट धरलं आणि मावशींनी मान डोलावली. वॉरंटची एक प्रत त्यांना मिळाली. ती त्यांनी एप्रनच्या खिशात घातली. तोवर अख्खा बाजार उसळला होता. बेड्या घालणार का, कुणी विचारलं. मासेवालीनं मावशींचे केस विंचरून दिले. पोलिसांच्या गाडीमागे बावीस स्कूटर निघाल्या, जणू वरातच.

कोर्टात मावशींनी आजीचं गाणं म्हणून दाखवलं. टंकलेखक बाईंनीही पटल्यासारखी मान हलवली. न्यायाधीश बाईंनी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"ग्वो बाई, सातवा महिना तीन दिवसांपूर्वीच संपला. आज सकाळी हवालदारांना ओ का नाही दिली?"

मागे बावीस स्कूटरवाले दाटीवाटीनं उभे होते. मावशींनी खिशातलं वॉरंट काढलं, घडी घातली, उलगडली.

"घंटा गेली तेव्हा हे माझ्याकडे कालवं सोलत होते. त्याच दिवशी नाही, चार वर्षं झाली, रोज सात ते नऊ. माझं नाव खराब होऊ नये म्हणून यांनी तोंड शिवून घेतलं. आणि मी..." त्या थांबल्या. "मी भावांना नव्हते भीत, बाईसाहेब. या बाजाराला भीत होते. हे आले नाहीत ना, त्या दिवशी मला घास उतरत नाही."

कुणी हसलं नाही. आ-ख्वेईनं तेवढं नाक शिंकरलं.

आणि पाठीमागून, आरोपीच्या जागेवरून, चार वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत कुणीतरी हाक मारली, "ली-चू."

मावशी सावकाश मागे वळल्या.

"ओ," त्या म्हणाल्या.