भोवरी आणि तीन धर्ममाता

एवोदियोच्या डाव्या पायाच्या करंगळीवर भोवरी झाली होती आणि शनिवारी त्याला लेकीबरोबर नाचायचं होतं. यारेत्सीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पोरगी पंधराची झाली की बापाने सगळ्या गोतावळ्यासमोर गुडघ्यावर बसायचं, तिच्या पायातले सपाट जोडे काढून पहिले उंच टाचांचे चढवायचे आणि मग तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचायचा. मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावात यातून कुठल्याही बापाची सुटका नाही. दिवसभर तोर्तियांच्या म्हणजे मक्याच्या रोट्यांच्या दुकानात उभं राहून थकलेल्या या माणसाचं बाकी काहीच मागणं नव्हतं. एवढा एक नाच लंगडत होऊ नये, बस्स.

"दाखव," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळे मानाने 'दोन्या' क्रिसान्ता म्हणत.

"काही नाही हो, सासूबाई. आपोआप जाईल."

"आपोआप फक्त नवरे जातात. पाय पुढे कर."

त्यांनी भोवरीवर लसणाची चकती ठेवली, चिंधीने आवळून बांधली आणि सकाळपर्यंत सोडायची नाही असं बजावलं. एवोदियोने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. इमेल्दाने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"गुमान बांधून घे. केकची धर्ममाता आहे ती."

खरी गोम इथेच होती. असला समारंभ एकट्या बापाला झेपत नाही, म्हणून त्यातली एकेक गोष्ट एकेक धर्ममाता अंगावर घेते. केक सासूबाईंचा, वाजंत्री बहीण नीकानोराची, झगा शेजारच्या दोन्या तोमासाचा. त्यांच्या औषधाला नको म्हटलं की त्यांनी दिलेल्या वस्तूवरही पाणी सोडायचं.

सकाळी चिंधी सुटली तेव्हा भोवरी अगदी ठणठणीत होती. आजूबाजूची कातडी मात्र लसणाने भाजून सोलली होती.

"त्या म्हातारीचं काय ऐकतोस रे, दादा?" नीकानोरा पातेलं घेऊनच आली. "गरम व्हिनेगर आणि मूठभर मीठ. बुडव पाय."

"अगं, सोललंय तिथे."

"मग बरंच की. आत लवकर शिरेल."

शिरलं. किंकाळी ऐकून दुकानासमोरची रांग दोन पावलं मागे सरली.

किंकाळी दोन्या तोमासापर्यंत पोहोचायला भिंत एकच होती. ती तव्यावर भाजलेला कांदा बकऱ्याच्या चरबीत माखून घेऊन आली आणि दारातच रुसून उभी राहिली.

"त्या दोघींचं चालतं, माझंच तेवढं चालत नाही. झग्याची शिवण अजून उसवता येते हं, एवोदियो."

एवोदियोने मुकाट्याने पाय पुढे केला. कांदा तव्यावरून थेट आला होता. शेजारच्या दोन बोटांवर टरारून फोड आले.

शुक्रवारी तिघी त्या पायाभोवती जमल्या आणि दोष कुणाचा यावर पुष्कळ भांडल्या. शेवटी पायच आडमुठा आहे, यावर तिघींचं एकमत झालं. एवोदियो इतका दमला होता की त्यानेही मान डोलावली.

शनिवारी त्याने तो पाय कसाबसा बुटात कोंबला. लेकीला जोडे चढवले, तिच्याच खांद्याचा आधार घेऊन उठला. वाजंत्री सुरू झाली.

"पप्पा, हळू," यारेत्सी दात आवळून हसत पुटपुटली. "हे जोडे चावताहेत."

"फार?"

"रडू येतंय."

"मग जागच्या जागीच डुलू या, बाळा."

दोघं एकमेकांना धरून जेमतेम डुलत राहिली. बाप-लेकीची ती माया बघून सगळा हॉल डोळे पुसायला लागला. एवोदियोही रडला. त्यातलं बोटांसाठी किती आणि पोरीसाठी किती, हे त्याला सांगता आलं नसतं; पण इतकं सुख त्याला वर्षानुवर्षांत झालं नव्हतं.

केक वाटून झाल्यावर यारेत्सीने खुर्चीत बसून जोडा काढला. टाचेवर मोठा फोड होता. लगेच तीन खुर्च्या सरकल्या.

"लसूण आणा कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या.

एवोदियो लंगडत आडवा आला. केक पोटात गेला होता, वाजंत्री वाजत होती, झगा अंगावर होता. आता कुणी काय उसवणार?

"नाही!" तो ओरडला. "माझ्या लेकीच्या पायाला कुणी हात लावायचा नाही!"

एवोदियोला फार बरं वाटलं.

दोन्या क्रिसान्तांनी ओठांवरची मलई शांतपणे पुसली.

"ठीक आहे. मग हिच्या लग्नातला केक कुणाचा, तेही आत्ताच सांगून टाक."

त्याच्यामागे यारेत्सीने एक मोठा सुस्कारा सोडला आणि पाय आजीच्या मांडीवर ठेवला.

"बांध, आजी. पण चार थरांचा हवा हं."