केरा

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग मी मानकोलीच्या नाक्यावर बंद पडलेला कंटेनर. मागून कितीही हॉर्न वाजवा, हा सुगत हलणार नाही! लेक झाली त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, "रत्ना, हिचं नाव जुनंच ठेवायचं. आपल्या घराण्यातलं!"

"ठेवा," संघरत्ना म्हणाली. "पण ऐकायला गोड हवं."

शेलार गावात वडिलांच्या आत्याकडे, ठकुआजीकडे गेलो. ठकुआजीला ऐकू कमी येतं, पण आठवतं सगळं.

"धोंडी ठेव. दगडासारखी टिकंल."

"दुसरं?"

"नकुशी. पोरीवर पोरी झाल्या की ठेवायचं."

"आमची पहिलीच आहे गं!"

"मग केरा. तुझी पणजी केरा व्हती."

केरा! परदेशी सेंटच्या बाटलीवर शोभेल असं नाव! अर्थ विचारायला थांबतो कोण? बाईकला किक मारली ती थेट टेमघरला घरी.

संघरत्ना खूश! तिनं माहेरी कळवलं, "केरा म्हणजे सूर्याचा पहिला किरण."

"हा अर्थ कुठून आणलास?"

"वाटतंच ना तसं!"

मेव्हणा प्रितेश तर केकवर उगवता सूर्य काढून घेऊन आला.

नामकरणाला घर भरलं. बुद्धवंदना झाली, नाव जाहीर झालं, टाळ्या! शेजारच्या रुबीनाभाभी म्हणाल्या, "क्या प्यारा नाम है! मतलब?"

"किरण!" संघरत्ना म्हणाली.

"किरन न्हाय गं!" ठकुआजी ओरडली. "केर! झाडलोटीचा केर!"

टाळ्या थांबल्या. सासूबाईंचा घास तोंडाशीच राहिला. संघरत्नानं माझ्याकडे असं बघितलं, की आता मीच सुपलीत जाणार!

"नाव बदला!"

"बदलणार नाही!" माझा आवाज चिरकला, पण मी म्हणालो. "आजी, असं नाव का ठेवलं ते सांग सगळ्यांना!"

"तिच्या आधीची पोरं जगली न्हाईत. लोक म्हनत, चांगल्या नावाला नजर लागते. म्हनून हिला सुपात घालून केरावर ठेवली. शेजारनीनं उचलून परत आनून दिली. तिची आय रडत व्हती, केर म्हना, पन जगू द्या!" आजीनं पदरानं डोळे टिपले. "जगली की! माझी आय ती."

संघरत्नानं लेकीला छातीशी धरलं. "नजरबिजर आपण मानत नाही," ती हळूच म्हणाली. "पण लेक जगावी म्हणून आईनं ठेवलेलं नाव आहे. केराच राहील."

जिंकलो! मी दोन्ही हात वर केले. त्यातल्या एकात तिनं झाडू दिला.

"नाव तुम्ही आणलंत ना? आजपासून घरातला केर तुमचा. जिन्यासकट!"

आता अख्खी बिल्डिंग मला 'केराचे बाबा' म्हणते. लेकीवरून की झाडूवरून, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही!