वाळवंटातलं टिंब

भूगोलाच्या सरांचं सकाळी नऊलाच डोकं फिरलं, कारण रंगाऱ्यानं वाळवंटात चार कोटी माणसं नेऊन बसवली होती.

"एक लाल टिंब म्हणजे दहा लाख माणसं, हे सांगितलं होतं ना तुला? मग ही चाळीस टिंबं इथे काय करताहेत?"

"सर, तुमच्या कागदावर किनाऱ्याला नुसती गिचमिड झाली होती," रंगारी शिडीवरून शांतपणे म्हणाला. "आणि मधे एवढी पिवळी जागा मोकळी. म्हणून सगळी सारखी वाटून टाकली. कसं टापटीप दिसतंय."

या माणसाचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. दोन अक्षरांत सारखं अंतर हवं, यापलीकडे त्याला कायदा ठाऊक नव्हता. अशा माणसाच्या हाती आख्खा खंड द्यायचा म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा. पण अकराला तपासनीस बाई येणार होत्या. भिंतीवरचा हा नकाशा त्यांच्या मनाला आला नाही, तर भूगोलाची खोली जाऊन तिथे संगणक येणार होते. या एका भिंतीसाठी सर आठ महिने मुख्याध्यापकांशी भांडले होते.

"पूस," सर म्हणाले. "वाळवंट रिकामं कर."

रंगाऱ्यानं टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं. माणसं गेली, आणि त्यांच्यासोबत शेजारची नदीही गेली.

"नदी कुठेय?"

"फडक्यात."

सरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. रंगाऱ्यानं घाईघाईनं टिंबं परत किनाऱ्याला दाटीनं बसवली आणि नवी नदी काढली, ती निम्म्यावर येऊन काटकोनात वळली.

"नदी अशी वळते? कुठे पाहिलीस अशी नदी?"

"मधे दिव्यांची बटणं आहेत, सर. ओला ब्रश लागला तर करंट बसेल."

मग मात्र सरांचा तोल सुटला. "अरे गाढवा, नदी आहे म्हणून गहू आहे, गहू आहे म्हणून माणसं आहेत. या डोंगरात कोळसा, म्हणून कारखाने, म्हणून गर्दी. वर गवत, तिथे गुरंवाले गुरांमागे हिंडतात. आणि इथे थेंबभर पाऊस नाही, म्हणून इथे कुणी नाही. माणूस भिंत सजवायला राहत नाही कुठे." एवढं बोलून दम लागला तसे ते मागे टेकले. किनारा ओला होता. पांढऱ्या शर्टावर तीन बंदरं उमटली.

"चालू द्या," दारातून आवाज आला. तपासनीस बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या. त्यांच्यामागून वर्ग आत शिरला.

"किनाऱ्याला इतकी दाटी का?" बाईंनी मुलांना विचारलं.

"सम हवामान, दंतुर किनारा," मुलांनी एका सुरात सुरुवात केली आणि ती तिथेच अडकली. सरांनी डोळे मिटले. खोली गेलीच म्हणायची.

"बोट लागते तिथे हमाली मिळते," शिडीवरून रंगारी म्हणाला. "हमाली मिळते तिथे माणूस पाठ टेकायला जागा शोधतो. माझा बाप असाच आला. वर गवताकडे गुरं होती आमची. पाऊस हटला, गुरं गेली."

बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. "खोली राहील," त्या म्हणाल्या. "पण हे एक टिंब चुकून राहिलंय का?"

वाळवंटाच्या ऐन मधोमध एक लाल टिंब होतं. सर पुन्हा भडकले. "पूस ते."

रंगाऱ्यानं फडकं उचललं नाही. "एवढं राहू द्या, सर. किनाऱ्याला एका खोलीत नऊ जण राहतो आम्ही. कुणाचा तरी पाय तोंडावर असतोच. एक टिंब तरी ऐसपैस बसू दे."

"एक टिंब म्हणजे दहा लाख," सर ओरडले. "ती तिथे पिणार काय? तुझं टर्पेंटाइन?"

सरांनी रंगाऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, निळ्या डब्यात ब्रश बुचकळला आणि तणतणत म्हणाले, "खाली उतर. शिडी धर."

वर चढून त्यांनी टिंबाच्या शेजारी एक बारीक निळा गोल काढला.

"तिथे विहीर आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही," सर वरूनच खेकसले. त्यांच्या पाठीवरची बंदरं अजून ओली होती.