सलूनवाला परदेशात

हे लिहिणारच नव्हतो. पण अख्ख्या गल्लीला कळलंय, मग कागदानंच काय घोडं मारलंय?

तर, आमच्या सलूनवाल्याला टक्कल पडायला लागलं. दुसऱ्या कुणाला पडलं तर पडलं, पण ह्याचं दुकानच केसांवर चालतं! 'स्वतःचे राखता आले नाहीत, आमचे काय राखणार?' असं म्हणून गिऱ्हाइकं तुटतील, या धास्तीनं तो दिवसभर टोपी घालून कात्री चालवायचा.

एकदा त्यानं मोबाइलवर विग शोधला. तोच मोबाइल दुकानातल्या टीव्हीला जोडलेला. झालं! दर दोन गाण्यांमध्ये टकलांच्या जाहिराती. त्याची पाचावर धारण बसली. शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याच्या दोस्ताचं. दोस्तानं वेगळाच ब्राउझर टाकून दिला.

"यात तू कोण, कुठला, कुणाच्या बापाला कळणार नाही."

खरंच कळेना. विगच्या वेबसाइटला वाटलं, हा कुठल्यातरी बर्फाळ देशातला. भाषा बदलली, भाव बदलले. वर 'तुम्ही माणूसच ना?' म्हणत पाच वेळा सिग्नलचे फोटो ओळखायला लावले.

"अरे, मी माणूस आहे हेही पटेना हिला!"

"लपायचं तर थोडं सोसायचं, राजा."

शेवटी एकदाचं कार्ड टाकलं आणि सलूनवाला गल्लीतल्या मास्तरांच्या दाढीला लागला. तेवढ्यात फोन. हात फेसानं बरबटलेले, म्हणून कोपरानं उचलला. कोपर लागलं स्पीकरच्या बटणाला.

"बँकेतून बोलतेय. तुमच्या कार्डावर परदेशातून खरेदी होतेय. तुम्हीच करताय का?"

"हो हो, मीच."

"नक्की? पुरुषांचा विग, काळा, दाट?"

"ताई, हळू बोला ना!"

"आवाज येत नाहीये का? विग! वि-ग!"

दुकानात बाकड्यावर नंबर लावून बसलेले सगळे टोपीकडे बघायला लागले. सलूनवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मास्तर फेसासकट वळले. आपले काळेभोर केस दोन बोटांनी अलगद उचलले, परत ठेवले.

"दाट घेऊ नकोस रे, उकडतं. मी तुझ्याकडे नुसती दाढीच का करतो, विचारलंस कधी?"

बाकड्यावर हसून हसून मुरकुंडी. "मास्तर, तुम्ही पण?"

"हॅलो, सर? खरेदी रद्द करू का?"

"करा ताई," सलूनवाला हसता हसता बाहीनं डोळे पुसत म्हणाला.

आरडाओरडा ऐकून दोस्त धावत आला. बँकेच्या फोनचं ऐकून म्हणाला, "चुकलंच माझं. उद्या याहून भारी ब्राउझर टाकून देतो!"

"नको रे बाबा. शब्द देतो तुला, यापुढे काही लपवायचं असलं, तर आधी इथं दुकानात ओरडून सांगेन, मगच मोबाइल हातात घेईन."